निरोप जसाच्या तसा

‘त्यांना सांगा, ते यायच्या आत मी माहेरी गेलेली असेन. बॅग भरून दारात ठेवलीय.’ एवढं बोलून ड्रायव्हरच्या बायकोनं फोन ठेवला.

ऑफिसात वायरलेस सांभाळणारी ताई हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिली. निरोप साधा होता. तो वायरलेसवर तसाच द्यायचा, तेच तिचं काम. जमिनीत भोकं पाडून पाणी शोधणारी कंपनी होती. तिच्या गाड्या जिथं जायच्या तिथं रस्ताच नसायचा, मग मोबाइलचा टॉवर कुठला. रोज संध्याकाळी प्रत्येक गाडी वायरलेसवर यायची. मुक्काम कुठं, डिझेल किती, काय मोडलं. त्यानंतर प्रत्येकाला घरासाठी एक निरोप. ताई तो फोनवरून घरी सांगायची आणि घरचा निरोप परत गाडीला. साहेबांनी बजावलं होतं, निरोप आला तसा द्यायचा, पदरचं काही घालायचं नाही.

सेट खरखरला. ड्रायव्हर विचारत होता, घरून काही?

भांडण काय झालं ते ताईला माहीत होतं. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मेहुण्याच्या लग्नाला नक्की येतो म्हणून यानं बायकोला शब्द दिला होता, आणि ऐनवेळी आजारी पडलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरची ट्रिप अंगावर घेतली. बरं, हे तिला सांगितलं कधी, तर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता. चूक त्याचीच होती. पण सकाळी त्याला खिंड उतरायची होती. गाडीच्या पाठीवर मशीन, चाकाखाली सुटे दगड, एका बाजूला काहीच नाही.

‘जपून उतरा म्हणाल्या,’ ताईनं सांगितलं.

 मग तो म्हणाला, बरं.

खिंड तो नीट उतरला. ‘पोचलो’, एवढाच त्याचा निरोप. ताईला तो फोनवर द्यायची लाज वाटली. तिनं सांगितलं, पोचलो म्हणाले, आणि माझं चुकलं असंही म्हणाले.

‘आमचे हे? चुकलं म्हणाले?’

‘रेंज नसली की म्हणतात माणसं,’ ताई म्हणाली.

पलीकडून हसू आलं, नाकातल्या नाकात का होईना. बॅग मात्र अजून दारातच आहे, हे बायकोनं ठणकावून सांगितलं.

मग ताई सुटलीच. तो कळवायचा, टायर बदलला. ही सांगायची, टायर बदलताना तुमची आठवण काढत होते. तो कळवायचा, जेवलो. ही सांगायची, घास गोड लागत नाही म्हणाले. बायको आधी नुसतं हं म्हणायची. मग विचारायला लागली. प्यायला पाणी पुरतंय का, पाठ दुखते का, पांघरायला आहे ना. ताई ते ड्रायव्हरला सांगायची. तो बरं म्हणायचा. एकदा बायको म्हणाली, टॉवेल लागला म्हणून बॅगेतून काढला, बाकी बॅग तशीच आहे. नंतर चपला काढल्या. मग कंगवा. ताई मनातल्या मनात ती बॅग रिकामी होताना बघत होती.

आणि एका संध्याकाळी बायको म्हणाली, त्यांना सांगा, माफ केलं.

ताईनं आनंदाच्या भरात निरोप जसाच्या तसा दिला.

‘कशाबद्दल?’ ड्रायव्हरनं विचारलं.

 आवाज तुटतोय, असं ताई म्हणाली आणि तिनं सेट बंद केला. पुढं त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. हे जास्त वाईट होतं. गाडी परतीला लागली होती. घरी जाऊन तो एकदाच म्हणाला, की मी असं बोललोच नाही, तर संपलं. बॅग परत भरायला कितीसा वेळ लागतो.

गाडी आवारात शिरली. ड्रायव्हर घरी न जाता सरळ वायरलेसच्या खोलीत आला. भुवयांवर धूळ. त्यानं दार लोटलं, खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली. ताईनं ठरवलं, ओरडला तर ऐकून घ्यायचं. साहेबांकडे गेला तर तेही भोगायचं.

‘ताई, आता घरी चाललोय,’ तो म्हणाला. ‘मी काय काय बोललोय, ते एकदा सांगा. तिनं विषय काढला तर मला माहीत पाहिजे.’

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. माफी. टायर. घास. यापुढं विचारल्याशिवाय ट्रिप घेणार नाही, हेसुद्धा. तो परीक्षेला बसल्यासारखा मान हलवत ऐकत होता. एका ठिकाणी त्याचे कान लाल झाले. हे जरा जास्तच झालं, असं म्हणाला. मग म्हणाला, राहू द्या, यातलं खोटं काही नाही, फक्त मी बोललो नव्हतो एवढंच.

तो उठला. दारापाशी जाऊन थांबला. टोपी हातात फिरवत राहिला.

‘आणि तिचं म्हणून मला जे सांगायचात, ते? ते तरी तिचं होतं का?’

खोटं बोलायचा ताईला आता चांगला सराव झाला होता. एक ‘हो’ पुरला असता.

‘पहिल्या दिवशीचं माझं होतं,’ ती म्हणाली. ‘नंतरचं सगळं तिचंच. उलट मला कापावं लागायचं. एवढं वायरलेसवर मावत नव्हतं.’