निळा फेटा

“पडणार,” हबीब म्हणाला. “आठवडा काढला तरी खूप झालं.”

नाथाशेठनं विचारलं म्हणून तो बोलला. ‘फेटेवाला’चे पाच भाग शेठच्या थेटरात लागले होते, आणि प्रत्येक वेळी किती चालेल ते शेठनं आधी हबीबलाच विचारलं होतं. पाचही वेळा त्याचं बरोबर आलं. येणारच. ते चालवले कोणी? मूकपटात पडद्यावर अक्षरं यायची आणि अर्ध्या पब्लिकला ती वाचता यायची नाहीत. पडद्याशेजारी स्टुलावर उभा राहून हबीब ती वाचून दाखवायचा. वाचायचा कसला, निम्मं पदरचंच घालायचा. फेटेवाल्यानं घोड्यावरून उडी मारली की हबीबचा घुमता आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत जायचा. चित्र काळं-पांढरं. फेटा निळा आहे हेसुद्धा हबीबनंच ठरवलेलं. पण घोटीहून गाडी जुंपून आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो शपथेवर निळाच सांगणार.

आता सहावा भाग आला होता, तो बोलका. शेठनं मुंबईहून बोलतं यंत्र भाड्यानं आणलं होतं.

“हे बघ हबीब,” शेठ म्हणाला, “चालला तर यापुढं सगळे बोलपटच. मग स्टूल कशाला ठेवू? पडला तर यंत्र परत, आणि तू आहेसच.”

असं तोंडावर. ज्याच्या जिवावर थेटर भरलं, त्याच्याच तोंडावर. हबीबचं डोकं फिरलं. नाशिकचा मेन रोड, भद्रकाली, दूध बाजार, जो भेटेल त्याला धरून तो सांगत सुटला, पडणार, पडणार. तेही फेटेवाल्याच्या आवाजात. दुसरा आवाज त्याला उरलाच कुठं होता? भाजी घेताना तोच, भांडताना तोच, घरात पाणी मागताना तोच. त्याची बायको अनवरी कधीमधी म्हणायची, “माझा निकाह ज्याच्याशी झाला त्या माणसाचा आवाज एवढासा होता. तो माणूस कुठं ठेवलात?” हबीब नुसता हसायचा.

पहिल्या दिवशी त्यानं चक्क तिकीट काढलं. थेटरच्या दारात पुतळाबाई शेंगांची पाटी घेऊन बसायची. “पडला की शेंगा खायला येतो,” असं तिला सांगून तो आत गेला आणि हाताची घडी घालून पुढच्या बाकांवर, पब्लिकमध्ये जाऊन बसला. बोलपट पडताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

घोडा आला. शिट्ट्या झाल्या. फेटेवाल्यानं तोंड उघडलं आणि गोड, लाडिक, नाटकातल्या राजपुत्रासारख्या आवाजात म्हणाला, “इस केसरी साफे की कसम.”

बाकांवरची डोकी एकमेकांकडे वळली.

“केशरी?” मागून कोणीतरी म्हणालं.

“हा त्यो न्हाई. तोतया हाय ह्यो.”

“आवाज ऐका की. आपल्या फेटेवाल्याचा आवाज असा व्हता का कधी?”

एक पायताण पडद्यावर जाऊन आदळलं. मग दुसरं. बाकं दणदणायला लागली. खऱ्या फेटेवाल्याला कुठं डांबलं, त्याला आधी बाहेर काढा, असा नुसता कल्ला झाला. शेठ दारातून हातवारे करत होता, त्याला कोण विचारतो? हबीबला बसल्या जागी गुदगुल्या झाल्या. पड म्हणावं. पड लेका.

तेवढ्यात त्याच्या शेजारचा गडी उठला आणि पडद्याकडे बघून त्यानं फेटेवाल्याची आई काढली. वर आणखी थुंकला.

हबीबचं हसू मावळलं. इतकी वर्षं हा मनुष्य त्याच्या छातीतून बोलला होता. तो जखमी झाला की घसा हबीबचा सोलवटायचा, अनवरी रात्री हळदीचं दूध द्यायची. आणि आता त्याला जोडे बसत होते, आणि तो बिचारा वर आपला घोडा दामटत होता, त्याला ना ऐकू येत होतं, ना उलट बोलता येत होतं. हबीब संतापला. शेठवर, यंत्रावर, त्या लाडिक आवाजावर, की या थुंकणाऱ्या गड्यावर, त्याचं त्याला कळलं नाही. त्यानं गड्याचं मानगूट धरून त्याला खाली बसवलं आणि बाकावर चढून पडद्याकडे पाठ केली.

“गप बसा रे.”

सगळं थेटर जागच्या जागी थिजलं. हाच तो आवाज.

“मीच हाय ह्यो. वैरी मागावर हायेत, म्हणून फेटा रंगवलाय, आवाज बदललाय. आता तुम्हीच बोंबलून मला धरून देता का?”

ज्यानं पहिलं पायताण फेकलं होतं तो वाकत वाकत पुढं गेला, पायताण उचललं आणि पडद्याला हात जोडून परत आला. त्यानंतर पडद्यावरचा लाडिक आवाजात काही बोलला की पब्लिक एकमेकांना गप्प करायचं आणि खूण करून हसायचं. खलनायकानं विचारलं, “कौन है ये?” तर थेटर फुटायची वेळ आली. त्याला ठाऊक नव्हतं, नाशिकला ठाऊक होतं. मध्यंतरात लोक तिकिटाच्या खिडकीकडे धावले, पुढच्या खेळाला आणखी माणसं घेऊन यायची म्हणून. शेठ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हबीबकडे बघायचं टाळलं.

हबीब पुढचा अर्धा भाग बघायला थांबला नाही. तो बाहेर आला. पुतळाबाई खाली मान घालून शेंगा निवडत होती.

“काय हबीबभाई,” पायातल्या जोड्यांवरून ओळखून ती म्हणाली, “पडला का?”

“चालेल,” तो म्हणाला. “लय दिवस चालेल.”

आवाज बारीक होता, जरासा चिरका. पुतळाबाईनं मान वर केली आणि हबीबच्या पाठीमागं वाकून पाहिलं, बोललं कोण ते.