तीन बटणं

काका गेले आणि पाठोपाठ दुकानातला जुना कीबोर्डही. काकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये औषधांचं बिल सेव्ह करायला कुमुदकाकूंनी एफ-टू दाबलं, की आता काळ्या स्क्रीनवर वेडीवाकडी चिन्हं उमटत.

"नवा कीबोर्ड वेगळे कोड पाठवतोय," दुरुस्तीला आलेली केतकी म्हणाली. "आणि काकांनी एफ-वन, एफ-टू, एफ-थ्री, तिन्हींना सेव्हच लावलं होतं. चुकून झालं असणार. मी फक्त एफ-टूला ठेवलंय. बघा."

काकांकडून बिल करायला शिकताना, सुरुवातीला काकूंचं बोट नेहमी शेजारच्या बटणावर पडायचं. काका करवादायचे. मग एके दिवशी करवादणं थांबलं. आपला हात बसला, असं काकूंना वाटलं होतं.

त्यांनी बटण दाबलं. पुन्हा तीच चिन्हं आली.

"काकू, एफ-थ्री दाबलंत."

काकू बटणांकडे बघत राहिल्या.

"यांनी ठेवलं होतं तसंच ठेव गं."