नदीपल्याडचे सतरा

दर दिवाळीला समता कॉलोनीतल्या भार्गवरावांच्या अंगणात मातीचा किल्ला व्हायचा. यंदा सुट्टीवर आलेल्या, हिंदी मुलखातच वाढलेल्या नातवानं, लेफ्टनंट राजसनं, किल्ला सोडून अख्खी लढाईच मांडली. निळ्या रांगोळीची नदी, अलीकडे जनरल रणदिव्यांची फौज, पलीकडे शत्रू.

"पूरी फौज पीछे हटा ली और दुश्मन को भनक तक नहीं," राजस म्हणाला. "नुकसान ना के बराबर. आज भी हमें पढ़ाते हैं, आबा."

भार्गवराव त्या लढाईत वायरलेसवर होते. मराठी मंडळात जनरलच्या फोटोला हार चढला, की तेही टाळ्या वाजवायचे. पन्नास वर्षांत त्यांनी त्या माणसाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज मात्र त्यांना राहवलं नाही.

"नदीपल्याड आपले सतरा जण होते. ते काहून नाही मांडले?"

"वो? किताब में एक लाइन है बस. उनसे संपर्क टूट गया था."

"नव्हता तुटला."

डब्यात उरलेले मातीचे शिपाई घेऊन म्हातारा खाली बसला आणि एकेक पल्याड रोवू लागला. पन्नास वर्षांची लाज होती ती, सतरा मोजूनच तो थांबला.

"यांच्या बंदुका वाजत राहिल्या, म्हणून शत्रूले वाटलं फौज इथंच आहे. यांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कोण थांबलं असतं? जनरल हुशारच होता, बाबू."

राजसनं रांगोळीकडे नीट पाहिलं. मग मान डोलावली. "टैक्टिकली तो सही था, आबा."

भार्गवरावांना वाटलं होतं, तो चिडेल. हा पोट्टा परवाच्या गाडीनं सीमेवर निघाला होता.

"तुले कुठं पाठवून राहिले?"

"ऐसी ही एक पोस्ट है. नदी के उस पार." आजोबांचा चेहरा पाहून तो हसला. "घबराते क्यों हो? पीछे हटना होगा तो ऑर्डर आ जाएगा."

"तेही दर अर्ध्या तासाले ऑर्डर मागत होते," भार्गवराव म्हणाले. "मीच उत्तर देत होतो. 'हम यहीं हैं, डटे रहो.' माघारी पळणाऱ्या ट्रकमधून सांगत होतो."