सत्तेचाळिसावं पत्र

"पत्रं पोचतात, मॅडम. कळत नाहीत!" अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. खरं तर त्यांना हे छाती ठोकून सांगायचं होतं. पण डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवलेला, त्यामुळे आठ वर्षं ते टेबलांवरच भागवत आले होते.

संस्था दोघांची. ते अध्यक्ष, बायको सचिव. मागणी एकच: शरीरात बसवलेल्या यंत्रात दोष निघाला, तर कंपनीने रुग्णाला साध्या भाषेत पत्र लिहावं आणि वर फोनही करावा. आज आरोग्य खात्यापुढे शेवटची सुनावणी. आज जमलं नाही, तर फाइल कायमची कपाटात.

अधिकारी बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "लोक वाचतच नाहीत, त्याला कंपनी काय करणार?"

अध्यक्षांनी गठ्ठा पुढे सरकवला. ठिकठिकाणच्या रुग्णांना आलेली एकशे बारा पत्रं. कुणाची ओळख फुटू नये म्हणून प्रत्येक नावावर त्यांनी स्वतः कागदाची पट्टी डकवली होती. समासात लाल पेन्सिलीने एकच शेरा: 'शहाण्या माणसालाही कळणार नाही.'

"सगळी वाचलीत तुम्ही?"

"शब्द न् शब्द!"

बाई पानं उलटत गेल्या. सत्तेचाळिसाव्या पत्राशी थांबल्या. "'प्रत्यारोपित उपकरणाच्या ऊर्जास्रोताच्या अपेक्षित कार्यकालात विचलन संभवते.' म्हणजे काय हो?"

अध्यक्ष खुलले. "म्हणजे पेसमेकरची बॅटरी मुदतीआधीच मान टाकू शकते."

"मग रुग्णाने काय करायचं?"

"तडक डॉक्टरकडे जायचं! पण तो कसला जातोय? पत्र कुठेतरी खुपसून खुशाल हिंडत असेल. शंख बिचारा!"

बाईंनी गठ्ठा त्यांच्याकडे फिरवला. डिंकाने दगा दिला होता. पट्टी सुटून लोंबत होती आणि तिच्याखाली अध्यक्षांचं संपूर्ण नाव होतं, घराच्या नंबरासकट.

अध्यक्षांचा हात आपोआप डाव्या खांद्याखाली गेला.

"मार्चमध्ये आलंय," मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली. "मी चहाच्या कपाशी ठेवलं, म्हटलं, अहो, तुमचं पत्र. तर म्हणाले, वा, काय भयंकर भाषा आहे! आणि पट्टी डकवून मोकळे."

बाईंनी पेन उचललं आणि मागणीच्या मसुद्यावर 'मंजूर' लिहिलं.

"आठ वर्षं हीच पत्रं वाचणाऱ्याची ही गत, मग बाकीच्यांची काय कथा! आणि आता आभाराचं भाषण नको. तडक डॉक्टरकडे. तुमचाच सल्ला आहे."

कारणाच्या रकान्यात त्या लाल शेरा जसाच्या तसा उतरवू लागल्या: 'शहाण्या माणसालाही कळणार नाही.'

अध्यक्षांना कोपराला धरून बायकोने दारापर्यंत नेलं होतं. तिथून ती वळली.

"मॅडम, त्यातलं 'शहाण्या' तेवढं खोडा."