सायलेन्सरचं भोक

"केबिनमध्ये गुंगी येत होती का?" जुन्या ट्रकखालून मिस्त्रीनं विचारलं.

"डोकंही ठणकायचं," मालक सुदाम म्हणाला.

मिस्त्रीनं सायलेन्सरची नळी काढून पुढं केली. तिला बोट जाईल एवढं भोक होतं. "धूर केबिनमध्ये येत होता. आता मापानं नवी नळी बनवून केबिनच्या मागून वर काढतो."

सुदामनं भोकात बोट घालून पाहिलं. वर्षापूर्वी याच ट्रकवर ड्रायव्हर गफूरचाचांना डुलकी लागून अपघात झाला होता. चाचा शपथ घेत राहिले, तरी दारूचा संशय घेऊन सुदामनं त्यांना काढून टाकलं होतं.

त्यानं फोन लावला. "चाचा, दोष गाडीचा होता, धूर केबिनमध्ये यायचा. माझं चुकलं."



"आता गाडी तूच चालवतोस?" चाचांनी विचारलं.

"हो."

"आधी डॉक्टरला दाखवून ये. मग बोलू."