खारं रान

पाण्यातला खार मोजायच्या मीटरवरचा आकडा जिथल्या तिथंच होता. रुचितानं कांडी पुसून पुन्हा पाण्यात बुडवली. आकडा हलला नाही.

मागं स्टुलावर तिचे वडील तवनाप्पा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शिरोळकडच्या आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून ते सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला आले होते. उसाला पाणी पाजून पाजून रान खारवलं होतं. उन्हाळ्यात त्यावर मिठाचा पांढरा थर धरायचा. कुसळही उगवत नव्हतं. दुसरं रान त्यांना नव्हतं.

"धरलं काय गं मीठ?"

"नाही, आण्णा."

"त्या दिशी फोनवर तर धरलं म्हणालतीस की."

त्या दिवशी धरलं होतं. विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत रुचितानं एक रेणू घडवला होता, पिंजऱ्यासारखा. पाण्यातलं मीठ त्यानं आत घ्यायचं आणि तापवलं की सोडून द्यायचं; मग त्या गोड झालेल्या पाण्यानं खारं रान धुऊन काढायचं. शुद्ध पाण्यात तिनं स्वतः विरघळवलेलं मीठ त्यानं अलगद उचललं होतं. पण विहिरीच्या पाण्यात नाना क्षार होते. पिंजऱ्यात भलतेच शिरून बसले, ते तापवलं तरी निघेनात.

"दुसरा करता येईल," ती म्हणाली. "पण पुन्हा पहिल्यापासनं. चार-पाच वर्षं जातील. तरी होईलच असं नाही."

तवनाप्पांनी मान डोलावली. रुचिताला ते बघवेना. तिच्याच शब्दावर ते थांबले होते. गावच्या विजयसिंहाला ते रान हवं होतं, खारं होतं म्हणूनच. त्याला तळी खणून कोळंबी पाळायची होती. "जैनाच्या रानात जीव मारायचं काम न्हाय व्हायचं," असं सांगून तवनाप्पांनी त्याला दोनदा दारातून परत लावलं होतं. दुसरं कुणी विचारायलाही येत नव्हतं.

"मी नोकरी बघते, आण्णा. रान देऊ नका."

"तुझा काय दोष न्हाय, बाळ." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "इजयसिंगाला व्हय म्हणून सांगतो."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. मागं न बघताच त्यांनी विचारलं, "ती कोळंबी तळ्यातनं भाईर काढली की लगीच मरती, का लई येळ तडफडती?"

"लगेच मरते, आण्णा," रुचिता म्हणाली.

कोळंबी तिनं कधी बघितलीसुद्धा नव्हती.