पेडलवरचा पाय

"कुलूप लावतो हं," नरहर दाराबाहेरून म्हणाला. विचारतोय कसला, सांगतच होता. लग्न झाल्यापासून ड्यूटीवर जाताना तो सरोजला रोज असा कोंडून जाई. "दिवस वाईट आहेत ग. तुझ्याच काळजीपोटी."

काळजी कसली डोंबलाची, मेल्याचा संशय! चिक्कडपल्लीच्या वकिलाची लेक ती, पण याच शहरात असून तिला माहेरचा उंबरा पाहायला मिळाला नव्हता. आज मात्र तिनं पक्कं ठरवलं होतं. काय वाटेल ते होवो, संध्याकाळचा चहा आईच्या हातचा प्यायचा.

तिनं कान दिला. क्वार्टरच्या मागे, रेल्वेच्या यार्डात नवं डिझेल इंजिन घरघरू लागलं. मालगाडीचे डबे इकडून तिकडे ढकलायचं त्याचं काम. निजामाच्या राज्यात असल्या इंजिनाचं केवढं अप्रूप! लोक कुंपणापाशी उभे राहून बघत.

नरहर मिशीला पीळ देत सांगायचा, "कोळसा नको, धूर नको, फायरमन नको. मी एकटा राजा! पण मोठं द्वाड आहे हां. पायाखालचं पेडल सतत दाबून धरावं लागतं. ड्रायव्हरला डुलकी लागली, पाय उचलला गेला, की इंजिन गप्प."

हे ऐकलं त्या दिवशी सरोजला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे हाही बांधलेलाच की. घरघर चालू आहे तोवर स्वारी तिथंच अडकलेली. आणि खरंच, घरघर थांबली की थोड्या वेळानं दाराचं कुलूप वाजायचंच.

मागच्या दाराच्या बिजागरीचे स्क्रू तिनं उलथन्याच्या टोकानं कधीचे ढिले करून ठेवले होते. आता नुसता एक दणका हवा होता. पलंगाच्या मोडक्या पायाखाली वीट होती, ती घ्यायला ती वाकली. वीट जागेवर नव्हती.

"आता ही कुठं कडमडली?" असं पुटपुटत तिनं वरवंटा उचलला.

दार निखळलं. सरोजनं पुन्हा कान दिला. यार्डातली घरघर जराही थांबली नव्हती. तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि चपला न घालताच पळत सुटली.

गल्लीच्या तोंडाशी पडद्याचा टांगा उभा. बाई ग, देवच पावला!

"चिक्कडपल्ली..." ती धापा टाकत म्हणाली.

"मालूम है अम्मा, बैठो," टांगेवाला म्हणाला.

सरोज पडदा सारून आत चढली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

नरहरनं हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. मागे यार्डात इंजिन घरघरतच होतं.

"बिजागरी ढिली दिसली तेव्हाच ओळखलं मी. पलंग डुगडुगला असेल ना ग सकाळी?" तो मायेनं म्हणाला. "वीट मीच नेली."